गरम पाण्याची धार बारीक झाली? गिझर उघडण्याआधी या क्रमाने तपासा

ठाणे आणि नवी मुंबईत नळाची आणि गिझरची कामं करताना थंडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: "गार पाणी धो धो येतंय, गरम मात्र करंगळीएवढी धार. गिझर गेला वाटतं." गिझर फार क्वचित गेलेला असतो. पाणी गिझरपर्यंत येण्याच्या वाटेत किंवा तिथून नळापर्यंत जाण्याच्या वाटेत कुठेतरी अडलेलं असतं. तरी लोक घाईने गिझर खोलून घेतात, कधी नवाच आणतात, आणि नव्या गिझरलाही तीच धार लागते. म्हणून फुकटची तपासणी आधी, पान्याची नंतर, आणि गिझरचं झाकण सगळ्यात शेवटी, तेही आपण नाही.

हे लिहिताना ड्राय बाल्कनीत बसवलेला, पाईप गॅसवरचा इन्स्टंट गिझर धरला आहे. विजेच्या टाकीवाल्या गिझरचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं नीट बघा

"गरम पाणी कमी येतं" या एका वाक्यात चार-पाच निरनिराळे बिघाड असतात. तुमच्याकडचा कुठला, ते आधी ठरवा.

- गार जोरात, गरम बारीक, आणि घरातल्या प्रत्येक गरम नळाला तीच गत: अडथळा गिझरमध्ये किंवा त्याला जोडलेल्या दोन पाईपांत.
- शॉवरला बारीक, पण खालच्या बादलीच्या नळाला व्यवस्थित: गिझरचा काही संबंध नाही. शॉवर किंवा डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा नॉब) बघा.
- गार आणि गरम दोन्ही बारीक: इमारतीच्या पाण्याचा प्रश्न.
- गॅस गिझर पेटतो, थोड्या वेळात विझतो, पुन्हा चट् चट् करून पेटतो. किंवा पाणी चटका बसेल इतकं कढत, पण धार बारीक: गिझरमधून पाणी कमी जातंय.
- धार चांगली, पाणी कोमट: बहुतेक वेळा हा बिघाड वेगळा. सेल, गॅसचा दाब, थर्मोस्टॅट, कॉइल यांपैकी काहीतरी. तरी खाली नॉबचं आणि मिक्सरचं जे लिहिलंय ते वाचा, कारण पुष्कळदा त्यातूनच धार बारीक होते.

याच्या जोडीला एक प्रश्न स्वतःला विचारा: हे अचानक झालं की हळूहळू? काल ठीक होतं आणि आज बारीक झालं, तर वाटेत कचरा अडकलाय. वर्षभरात जरा जरा कमी होत गेलं, तर क्षार. गच्चीवरची टाकी धुतल्यावर, पालिकेच्या शटडाऊननंतर पाणी परत सुरू झाल्यावर किंवा बाथरूममध्ये प्लंबरने काही काम केल्यावर झालं, तर जवळपास नक्की कचराच. याचं उत्तर नीट मिळालं तर निम्मं काम झालं.

कढत पाणी आणि बारीक धार एकत्र का येतात, तेही समजून घ्या. गॅस गिझरला पेटायची खूण पाण्याच्या वाहण्यातूनच मिळते. आत डायफ्राम नावाचा रबरी पडदा असतो. पाणी वाहू लागलं की तो सरकतो, पिनला ढकलतो, त्याने गॅसची वाट उघडते आणि छोटा स्विच दाबला जाऊन ठिणगी पडते. त्यासाठी मिनिटाला दोन-अडीच लिटरच्या आसपास पाणी जावं लागतं. मॉडेलप्रमाणे थोडं पुढेमागे. पाणी त्या काठावर असेल तर गिझर पेट-विझ करत राहतो. त्याच्या थोडं वर असेल तर पूर्ण ज्योत थोड्याच पाण्यावर पडते आणि पाणी कढत होतं. टाकीवाल्या विजेच्या गिझरमध्ये असं होत नाही. तिथे धार कितीही बारीक असली तरी पाणी तेवढंच गरम असतं.

पहिली तपासणी: बादली आणि मोबाईल

अंदाजावर जाऊ नका, मोजा. १५ लिटरची बादली घ्या, त्याच नळाखाली आधी फक्त गार पाण्याने भरा आणि वेळ लावा. मग फक्त गरम पाण्याने. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

आता तुलना कशाशी करायची? गॅस गिझरवर "६ लिटर" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तो मिनिटाला ६ लिटर पाण्याचं तापमान २५ अंशांनी वाढवू शकतो. म्हणजे १५ लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली तर गिझर आपलं काम चोख करतोय, गार पाणी त्याच्या दुप्पट जोरात येत असलं तरी. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंश असेल तर या वेगाने ४५ अंशांचं पाणी मिळतं, आंघोळीला ते पुरतं. पण तुम्हाला ६० अंशांचं हवं असेल, तर वाढ ४० अंशांची झाली, आणि तेवढीच ज्योत मिनिटाला पावणेचार लिटरच देऊ शकते. हा बिघाड नाही, ती त्या गिझरची ताकद आहे. स्वयंपाकघरातला ३ लिटरचा, ३००० वॅटचा विजेचा इन्स्टंट गिझरही असाच. आतलं साठलेलं पाणी संपल्यावर तो सलग जेमतेम पावणेदोन लिटर देतो, २५ अंशांच्या वाढीला. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

बादलीला पाच मिनिटं लागली, तर मात्र मिनिटाला ३ लिटर झाले. गिझर पेटण्याच्या काठावर आहे, पुढे वाचा. टाकीवाल्या गिझरला तर हा ज्योतीचा हिशोबच लागू नाही. तिथे गरम पाणी जवळपास गार पाण्याइतकंच जोरात यायला हवं.

शेजाऱ्यांना आणि वॉचमनला विचारा

दोन्ही धारा बारीक असतील तर घरात काही उघडू नका. वरच्या-खालच्या घरी विचारा. पंप चालू झाला का, टाकी भरली का, कोणी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवलाय का, हे पंप बघणाऱ्याला माहीत असतं. उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांना दाब जास्त होऊ नये म्हणून दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. त्यांच्या जाळीत गाळ भरला की एकाच रांगेतल्या सगळ्या फ्लॅटचं पाणी मंदावतं. ते सोसायटीचं काम.

सगळ्यात वरच्या मजल्याची अडचण कायमची असते, तिला बिघाड समजू नका. टाकीतलं पाणी शॉवरच्या जितके मीटर वर, त्याच्या दहाव्या भागाइतका दाब बारमध्ये मिळतो. टाकी ३ मीटर वर असेल तर दाब ०.३ बार, त्यातही पाईपांमध्ये थोडा खर्ची पडतो. गिझरच्या पाटीवर किमान दाब छापलेला असतो, ०.०२ किंवा ०.०३ एमपीए (दाबाचं दुसरं माप) असा. ०.०३ एमपीए म्हणजे ते ३ मीटरच. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गिझर घेताना हाच आकडा बघा. लिटरचा आकडा त्यानंतर.

नॉब कुठे आहेत ते बघा

गॅस गिझरच्या खाली साधारण तीन नॉब असतात: गॅसचा, पाण्याचा आणि थंडी-उन्हाळ्याचा. पाण्याचा नॉब "जास्त गरम"कडे फिरवला की तो आतून पाण्याची वाटच आवळतो. डिसेंबरात कोणीतरी तो फिरवतं आणि मग विसरतं. तो पूर्ण उघडा, गॅसचा नॉब वाढवा, आणि पुन्हा बादली लावा. कितीतरी तक्रारी इथेच संपतात.

नॉब उघडल्यावर पाणी कोमट झालं तर थांबून विचार करा. कोणीतरी तो आवळला होता तो पाणी गरम होत नव्हतं म्हणून. म्हणजे मूळ दुखणं गॅसच्या बाजूला आहे आणि बारीक धार हा त्यावरचा घरगुती उपाय होता. सिलिंडरवरचा गिझर पाईप गॅसला तसाच जोडलेला असला की हे हमखास होतं. पाईप गॅस घरात सिलिंडरपेक्षा कमी दाबाने येतो आणि त्याच्या तेवढ्याच आकारमानातून उष्णताही कमी मिळते, त्यामुळे त्याला मोठ्या भोकाचे जेट (गॅस सोडणाऱ्या तोट्या) लागतात. जेट न बदलता जोडला की ज्योत मरतुकडी. जेट बदलणं हे कंपनीच्या अधिकृत माणसाचंच काम, आणि काही मॉडेलमध्ये तर ते बदलताच येत नाहीत. नळाच्या प्लंबरला ते करू देऊ नका.

नळाच्या तोंडची जाळी आणि शॉवर

नळाच्या तोंडाशी जाळी असते, ती हाताने किंवा कापड गुंडाळून पान्याने फिरवली की निघते. शॉवरही काढा आणि नुसता पाईप सोडून बघा. जाळी काढल्यावर धार सुटली, तर गिझर निर्दोष. जाळीतला कचरा धुऊन टाका. शॉवरच्या भोकांवर पांढरा थर असेल तर तो रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून त्यात बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. सुईने भोकं टोकरू नका, कडा फाटतात आणि मग पाणी वाटेल तिकडे उडतं.

मिक्सरमध्ये गार पाणी गरमात घुसतंय का

ही तपासणी फार कमी लोक करतात, आणि नेमकी हीच चुकते. मिक्सर म्हणजे गार आणि गरम पाण्याची भेट. गार पाण्याचा दाब जास्त असेल, उदाहरणार्थ फक्त गार लाईनवर प्रेशर पंप असेल, तर मिक्सरच्या आतला कार्ट्रिज (पाणी सोडणारा-अडवणारा भाग) झिजल्यावर गार पाणी उलटं गरम लाईनमध्ये शिरतं. गिझरमधून येणाऱ्या पाण्याला पुढे जायला वाव राहत नाही. नळाला धार येते, पण ती गार पाण्याची. गिझरमधला प्रवाह मंदावतो आणि तो विझतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. गिझर बंद करा, त्याच्या खालचा पाणी येण्याचा अँगल कॉक (भिंतीतून येणाऱ्या पाईपावरचा छोटा कॉक) पूर्ण बंद करा आणि फक्त गरम नळ उघडा. पाईपात साठलेलं पाणी काही सेकंदांत संपून धार थांबली पाहिजे. चालूच राहिली, तर कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी घुसतंय (किंवा तो अँगल कॉकच पूर्ण बंद होत नाही). घरात दोन-तीन मिक्सर असतील तर एकेकाच्या खालचा गार पाण्याचा कॉक बंद करत जा, ज्याच्यावर धार थांबेल तो दोषी. कार्ट्रिज बदलायला प्लंबरला फार वेळ लागत नाही, फक्त त्याच कंपनीचा, त्याच मापाचा हवा. जुना काढून दुकानात सोबत न्या.

आता पाना हातात घ्या, पण आधी हे

गिझर बंद. गॅसचा कॉक बंद, सेल बाहेर. विजेचा गिझर असेल तर नुसतं बटण नाही, मेन बोर्डावरचा एमसीबी स्विच खाली. आतलं पाणी गार होऊ द्या. पाणी येण्याचा अँगल कॉक बंद करा आणि खाली बादली व फडकं ठेवा. गॅसच्या पाईपाला हात लावायचा नाही. त्याचा नट वेगळा ओळखता येत नसेल, तर पाना ठेवून द्या आणि प्लंबरला बोलवा.

आपल्याला शोधायचंय की पाणी नेमकं कुठे अडतंय: गिझरच्या आधी, गिझरमध्ये की गिझरच्या नंतर. त्याचे दोन टप्पे आहेत.

गिझरच्या इनलेटचा (पाणी आत येण्याच्या तोंडाचा) कनेक्शन पाईप गिझरच्या बाजूने सोडवा, तोंड बादलीत धरा आणि अँगल कॉक हळू उघडा. पाणी जोरात आलं, तर गिझरपर्यंतची वाट मोकळी आहे. बारीक आलं, तर दोष अँगल कॉकमध्ये, कनेक्शन पाईपात किंवा भिंतीतल्या लाईनमध्ये. मग पाईप काढून कॉकमधून थेट पाणी सोडून बघा. लगेच कळतं.

जोरात आलं, तर इनलेट परत जोडा आणि आता आउटलेटचा (गरम पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाचा) पाईप गिझरच्या बाजूने सोडवा. खाली बादली, गॅस अजून बंदच. अँगल कॉक उघडा. गिझरच्या आउटलेटमधून पाणी धो धो आलं, तर गिझर निर्दोष आणि दोष त्याच्या पुढे, गरम लाईनमध्ये किंवा मिक्सरमध्ये. बारीक आलं, तर अडथळा गिझरच्या आत. या दोन टप्प्यांशिवाय "गिझर खराब आहे" असं कोणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. हे करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि नव्या गिझरचे पैसे वाचतात.

टाकीवाल्या विजेच्या गिझरला एक सूचना: परत जोडल्यावर गरम नळ उघडून सलग पाणी येईपर्यंत एमसीबी वर करू नका. रिकाम्या टाकीत कॉइल चालू झाली तर जळते.

इनलेटची जाळी

अचानक आलेल्या बिघाडाचं उत्तर बहुतेक इथेच असतं. इनलेटच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी बारीक तारेची किंवा प्लास्टिकची जाळी असते. बारीक चिमट्याने बाहेर काढा आणि उजेडात धरा. तिच्यात काय सापडतं त्यावरून पुढचं ठरतं.

पांढरे, मऊ, धाग्यासारखे तुकडे म्हणजे टेफ्लॉन टेप. अलीकडे कोणीतरी सांध्यावर टेप गुंडाळताना ती पाईपाच्या तोंडावरून आत सोडली. जाळी धुतली की काम झालं. काळे रबरी कण म्हणजे एखादा वायसर किंवा कनेक्शन पाईपाची आतली नळी कुजतेय, तेव्हा जाळी धुऊन भागणार नाही, तो पाईप शोधून बदला. तांबूस पापुद्रे म्हणजे गंज: जुन्या इमारतीतली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाईन. बारीक वाळू आणि चिकट तपकिरी गाळ पावसाळ्यात आणि टाकी धुतल्यानंतर येतो. जाळी धुतल्यावर महिन्याभरात पुन्हा भरली, तर सोसायटीच्या टाकीचा तळ बघायला सांगा. पांढरे कडक खडे असतील तर क्षाराकडे वळा, ते पुढे येतं.

जाळी काढून टाकून "आता मस्त येतंय" म्हणत ती परत न बसवणारे लोक आहेत. तसं करू नका. तो कचरा मग डायफ्रामपाशी किंवा तांब्याच्या नळीत जाऊन बसतो आणि चिमट्याने निघणारं काम झाकण उघडण्यापर्यंत जातं.

जाळी काढलीच आहे, तर त्याच वेळी वायसर बघा. काळा रबरी वायसर जुना झाला की फुगतो, नट जास्त आवळला की मधल्या भोकात सरकतो. बाहेरून सांधा कोरडा ठणठणीत, आतून भोक निम्मं बुजलेलं. असा वायसर सापडला की काही रुपयांत प्रश्न सुटतो.

कनेक्शन पाईप आणि अँगल कॉक

चमकदार तारांचं वेष्टण असलेला ब्रेडेड पाईप बाहेरून नवा दिसतो, आत मात्र रबराची नळी असते. गरम पाण्याच्या बाजूची नळी लवकर कडक होते, फुगते आणि आतल्या आत चिमटते. पाईप काढून त्यातून उजेडाकडे बघा किंवा जोरात फुंका. अडखळत हवा गेली तर बदला. वाकताना पाईप मोडल्यासारखा दुमडला असेल तर लांबी चुकलीय, योग्य लांबीचा घ्या. गरम बाजूला गिझरसाठीचाच पाईप लागतो. सिंकखालचा साधा पाईप तिथे टिकत नाही.

अँगल कॉकमध्ये कधी आतला स्पिंडल (वाट उघडणारा भाग) सुटलेला असतो, कधी जुना वायसर सुटून मधेच तरंगत राहतो. वरचा दांडा फिरतो, आत वाट उघडत नाही. असा कॉक दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, बदला.

टाकीवाल्या गिझरच्या इनलेटला पाणी उलटं जाऊ न देणारा आणि दाब वाढला की सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. तो अडकला की धार मंदावते. तापताना त्यातून थेंब गळतात, ते चालतं. पाणी तापून फुगतं, त्याला कुठूनतरी निघायचं असतं. ते गळणं थांबवायला त्याचं तोंड कधीही बंद करू नका, टाकी फुटण्याची जोखीम आहे. अडकला असेल तर त्याच दाबाच्या मापाचा नवा बसवा.

क्षार

हळूहळू मंदावलेल्या धारेचं कारण बहुतेक हेच. नवी मुंबईच्या बऱ्याच भागाला महापालिकेच्या मोरबे धरणाचं पाणी मिळतं, ठाण्यात भातसा आणि उल्हास नदीचं. नद्या-धरणांचं हे पाणी तुलनेने मऊ असतं आणि गिझरला फारसं त्रास देत नाही. त्रास होतो तो बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याचा. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांत पालिकेचं पाणी अपुरं पडतं आणि टँकर येतात, तिथे गिझरची तांब्याची नळी आतून लवकर भरते. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट वेगळा होऊन गरम पृष्ठभागाला चिकटतो, आणि पाणी जितकं कढत, तितका जास्त. नळीची आतली वाट निम्मी झाली की पाणी निम्मं होत नाही, त्याहून कितीतरी कमी होतं. म्हणून महिनोन्महिने जाणवत नाही आणि मग एका थंडीत एकदम जाणवतं.

पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती आहेत, ते तपासून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणता चांगली, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. फिल्टरवाला पाण्यात मीटर बुडवून जो टीडीएसचा आकडा दाखवतो, तो कठीणतेचा नव्हे. त्यात पाण्यात विरघळलेलं सगळंच येतं.

उपाय म्हणजे लिंबूसत्त्वाचं द्रावण छोट्या पंपाने नळीतून काही वेळ फिरवणं आणि मग भरपूर स्वच्छ पाणी सोडणं. गॅस गिझरला हे टेक्निशियनकडूनच करून घ्या, कारण नंतर सांधे गळतायत का आणि ज्योत नीट आहे का हे बघावं लागतं. संडास धुण्याचं अॅसिड कोणी वापरू पाहत असेल तर तिथेच थांबवा. ते क्षाराबरोबर पितळ आणि सांधेही खातं, आणि नळी महिन्याभराने गळू लागते. क्षार बसू नये यासाठी घरी करता येण्यासारखं एकच आहे: पाणी ज्या तापमानाला वापरता तेवढंच तापवा. कढत करून त्यात गार मिसळू नका.

टाकीवाल्या गिझरमध्ये क्षार तळाशी आणि कॉइलवर बसतो. त्याने धार क्वचित कमी होते. तापायला उशीर आणि आतून कडकड आवाज ही त्याची लक्षणं.

भिंतीतली लाईन

गिझरच्या आउटलेटपाशी पाणी जोरात, मिक्सरही ठीक, तरी नळाला बारीक, तर भिंतीतला गरम पाईप. वाशी, नेरूळ किंवा ठाण्यातल्या जुन्या इमारतींमध्ये जीआय पाईप आतून गंजून पेन्सिल जाईल इतका उरतो. नव्या इमारतींत सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप) असतो, तो गंजत नाही, पण जोडताना सोल्युशन जास्त लावलेलं असेल तर सांध्यात आत गुठळी राहते, आणि ती पहिल्या दिवसापासून असते. भिंत फोडण्याआधी भिंतीवरून उघडी लाईन टाकता येते का ते विचारा. पुष्कळ घरांत ते स्वस्त पडतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

गॅस गिझरचं पुढचं झाकण उघडू नका. डायफ्राम, गॅस व्हॉल्व्ह, बर्नर हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, आणि तिथली चूक गळतीच्या रूपाने बाहेर येते. कोणी न तपासता "डायफ्राम बदलू" म्हणालं तर त्याला बादलीचे आकडे दाखवा. डायफ्राम फाटला तर पाणी नेहमीसारखं वाहतं आणि गिझर पेटत नाही. धार बारीक होण्याचं ते कारण नाही.

ज्योत निळी हवी. पिवळी दिसली, झाकणाच्या वर काजळी दिसली, किंवा गिझर चालू असताना डोकं दुखू लागलं, गरगरलं, मळमळलं, तर ताबडतोब बंद करून मोकळ्या हवेत या. डोकेदुखी थांबली नाही तर डॉक्टरकडे जा आणि गॅस गिझर चालू होता हे सांगा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर धार दुरुस्त करण्याआधी तो बाहेर हवेशीर जागी हलवा. खिडकी आहे, एक्झॉस्ट आहे, हे पुरेसं नाही. बंद बाथरूममध्ये माणसं दगावली आहेत.

गॅसचा वास आला तर विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका. मीटरजवळचा गॅसचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, घराबाहेर पडून मग फोन करा. पाईप गॅसचा आपत्कालीन क्रमांक बिलावर असतो, सिलिंडरसाठी १९०६.

विजेच्या गिझरने एमसीबी किंवा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) पडत असेल, पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या, किंवा टाकीच्या पत्र्याखालून पाणी झिरपत असेल, तर वीज बंद करून इलेक्ट्रिशियन. तोवर गिझर वापरायचा नाही.

टेक्निशियनला फोन करताना "गरम पाणी येत नाही" एवढंच सांगू नका. बादलीचे दोन आकडे, इनलेट सोडवल्यावर पाणी किती जोरात आलं, आउटलेट सोडवल्यावर किती, जाळीत काय सापडलं, आणि बिघाड अचानक की हळूहळू, हे सांगा. तो योग्य सामान घेऊन येईल आणि दुसरी फेरी वाचेल.

दुरुस्ती झाली की पुन्हा बादली लावा आणि लागलेला वेळ तारखेसह गिझरच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या थंडीत शंका आली तर तुलना करायला आकडा हाताशी असेल. आणि सोसायटीत टाकी धुण्याची किंवा शटडाऊनची सूचना लागली, की आदल्या रात्री गिझर बंद करून त्याचा अँगल कॉकही बंद करा. पाणी परत आल्यावर आधी बाथरूममधला सगळ्यात खालचा गार नळ सोडा, पाणी स्वच्छ आणि हवेच्या फुसफुशीशिवाय येऊ लागलं की मगच तो कॉक उघडा.